अमेरिकेत गरी टाकण्यापूर्वी : गोव्याहून जाणाऱ्या पाहुण्यांसाठी मासेमारी परवान्याची माहिती

बेतीच्या धक्क्यावर किंवा रायबंदरला चोडणच्या फेरीची वाट पाहताना गरी टाकून बसलेल्या माणसाकडे सहसा कोणी कागद मागत नाही. आपल्याकडचा १९८० चा सागरी मत्स्यव्यवसाय नियमन कायदा प्रामुख्याने होड्या, ट्रॉलर आणि जाळी यांच्याकडे पाहतो, १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदीही यांत्रिक बोटींसाठी असते, आणि हातात तंगूस, टोकाला गळ व गळाला सुंगट एवढ्या भांडवलावर संध्याकाळ घालवणारा माणूस या साऱ्याच्या बाहेर आहे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. हीच समजूत सोबत घेऊन माणूस काही महिन्यांसाठी न्यू जर्सीत लेकाकडे किंवा टेक्सासमध्ये लेकीकडे जातो, घरापासून हाकेच्या अंतरावर तळे दिसते, जावयाच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली काठी सापडते, आणि दुपारचा वेळ कसा घालवावा हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

तेथे मात्र मासा लागला की नाही, लागलेला घरी नेला की परत सोडला, हे प्रश्न नंतरचे असतात. गळ पाण्यात टाकणे म्हणजेच मासेमारी, आणि त्यासाठी परवाना हवा. परवाना काढायला फार तर अर्धा तास लागतो. वेळ द्यावा लागतो तो आपल्याला नेमका कोणता परवाना हवा हे ठरवायला, आणि पाहुण्यांची गल्लत होते ती बहुधा याच टप्प्यावर. म्हणून पुढील माहितीत अर्जाइतकाच भर त्याआधीच्या निवडीवर दिला आहे. येथे दिलेली शुल्के वेळोवेळी बदलतात. पैसे भरण्यापूर्वी त्या त्या राज्याच्या खात्याचे चालू दरपत्रक पाहावे.

पहिला प्रश्न राज्याचा

अमेरिकेत गोड्या पाण्यातले आणि किनाऱ्यालगतचे मासे ही राज्यांच्या अखत्यारीतली बाब आहे. संपूर्ण देशात चालेल असा मासेमारी परवाना मिळत नाही. टेक्सासमध्ये टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ, फ्लोरिडात फिश अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन कमिशन, कॅलिफोर्नियात डिपार्टमेंट ऑफ फिश अँड वाइल्डलाइफ, अशी प्रत्येक राज्याची वेगळी खाती आहेत, आणि एका खात्याचा परवाना शेजारच्या राज्यात सामान्यतः निरुपयोगी असतो. सीमेवरच्या काही पाण्यांना अपवाद आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यामधून वाहणाऱ्या डेलावेअर नदीच्या मुख्य पात्रात दोहोंपैकी एका राज्याचा परवाना असला तरी चालते. पण नदीला येऊन मिळणाऱ्या ओहोळात दोन पावले आत गेलात की तो ओहोळ ज्या राज्यात आहे त्या राज्याचा परवाना लागतो.

या परवान्यांमागे पैशाचा एक हिशेब आहे आणि तो समजला की नियमांची रचनाही समजते. डिंगेल-जॉन्सन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५० च्या संघीय कायद्यानुसार काठ्या, रिळे आणि इतर साहित्यावर उत्पादन कर बसतो, त्यातून जमणारा निधी राज्यांना वाटला जातो, आणि वाटपाचे ६० टक्के गणित त्या राज्यात किती परवानाधारक आहेत यावर तर उरलेले ४० टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. म्हणजे तुम्ही घेतलेल्या एका परवान्याचे शुल्क राज्याला मिळतेच, शिवाय केंद्राकडून येणाऱ्या निधीतही त्याची मोजदाद होते. तळ्यात मासे सोडणे, धक्के बांधणे, बोटींसाठी उतार तयार करणे ही कामे त्यावर चालतात. आपल्याकडे मच्छीमार नसलेल्या माणसाचा मत्स्योद्योग खात्याशी एरवी काडीचा संबंध येत नाही. तिथे शनिवारी गळ टाकणारा बँकेतला कारकूनही त्या खात्याचा नियमित पैसे भरणारा ग्राहक असतो.

राज्याबाहेरच्या माणसाला, म्हणजे नॉन-रेसिडेंटला, शुल्क जास्त पडते. न्यू जर्सीत गोड्या पाण्याचा वार्षिक परवाना रहिवाशाला साडेबावीस डॉलरला तर बाहेरच्याला ३४ डॉलरला मिळतो. भारतातून आलेला पाहुणा याच बाहेरच्या वर्गात मोडतो. परदेशी म्हणून तिसरा वर्ग सहसा नसतो, ही त्यातली सोय. मुलगा वीस वर्षे त्याच राज्यात राहतो, त्याच्या घराचा पत्ता आपण देतो, म्हणून आपण रहिवासी ठरत नाही. बऱ्याच राज्यांत सलग सहा महिन्यांचे वास्तव्य आणि तिथले कायमचे घर किंवा तिथले ओळखपत्र अशी अट असते, आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला ती लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. दहा-बारा डॉलर वाचवण्यासाठी अर्जात रहिवासी असल्याची खूण करणे हे खोटे निवेदन ठरते आणि परवाना नसण्यापेक्षा ते अधिक अंगाशी येऊ शकते.

वयाच्या सवलतीबाबतही असाच घोळ होतो. लहान मुलांची सूट पाहुण्यांनाही मिळते : फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी येथे १६ वर्षांखालील आणि टेक्सासमध्ये १७ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. ज्येष्ठांची सूट मात्र बहुतेक ठिकाणी फक्त रहिवाशांसाठी आहे. फ्लोरिडात ६५ पूर्ण केलेल्या रहिवाशाला परवान्याची गरज नाही, न्यू जर्सीत सत्तरी ओलांडलेल्या रहिवाशाला तो विनामूल्य आहे, पण फोंड्याहून गेलेले ७२ वर्षांचे आजोबा दोन्हीकडे पूर्ण शुल्क भरतात. परिणामी नातवाला परवाना नको आणि आजोबांना हवा, अशी स्थिती येते. आणि नातवाची काठी आजोबांनी हातात धरली, गळ टाकला किंवा मासा ओढून घेतला तर तीही आजोबांचीच मासेमारी ठरते. आमिष लावून देणे वा गुंता सोडवणे यापुरते राहावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा

मांडवीत भरतीचे पाणी गांजेपर्यंत चढते आणि आपल्या खाजनांत गोडे-खारे यांची सरमिसळ रोजची आहे, त्यामुळे पाणी गोडे की खारे या प्रश्नाला आपण कागदावरचे महत्त्व देत नाही. अमेरिकेत परवाना यावरच ठरतो, आणि खाडीत गोड्या पाण्याची हद्द कुठे संपते ते खात्याने पूल, धरण किंवा अशाच खुणेवरून आखून दिलेले असते. प्रत्येक राज्याची पद्धत निराळी आहे.

फ्लोरिडात गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे परवाने पूर्णपणे वेगळे आहेत. राज्याबाहेरच्या माणसाला दोन्हींचे दर सारखे आहेत : तीन दिवसांचे १७ डॉलर, सात दिवसांचे ३० आणि वर्षाचे ४७. सकाळी तळ्यावर आणि संध्याकाळी समुद्रावर जायचे तर दोन्ही घ्यावे लागतात. टेक्सासमध्ये नॉन-रेसिडेंटसाठी गोड्या पाण्याचा वार्षिक परवाना ५८ डॉलर, खाऱ्याचा ६३ आणि दोन्ही मिळून ६८ असा आहे. एवढ्या थोड्या फरकासाठी एकच पाणी निवडण्यात शहाणपणा नाही. तिथला एका दिवसाचा परवाना १६ डॉलरला मिळतो आणि त्यात दोन्ही पाणी येतात. कॅलिफोर्नियात मूळ परवाना एकच आहे, परंतु किनाऱ्यावरच्या पॉइंट आर्ग्वेलो या भूशिराच्या दक्षिणेला समुद्रात मासे धरायचे असतील तर त्यावर आणखी एक शिक्का, म्हणजे जादा परवानगी, विकत घ्यावा लागतो. एक-दोन दिवसांच्या परवान्याला तो लागत नाही.

न्यू जर्सीचा प्रकार सर्वांत गमतीचा आहे, आणि आपल्या लोकांची तिथली संख्या पाहता तो नीट समजून घेण्यासारखा आहे. तिथे समुद्रात आणि खाडीत गळाने मासे धरायला परवाना नाही, शुल्कही नाही, मात्र १६ वर्षांवरील प्रत्येकाने खाऱ्या पाण्यातील मासेमारांच्या नोंदवहीत विनामूल्य नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी ऑनलाइन होते, ३१ डिसेंबरला संपते आणि पुढच्या वर्षी पुन्हा करावी लागते. ‘इथे समुद्रावर काही लागत नाही’ असे तिथे वर्षानुवर्षे राहणारे ओळखीचे लोकही सांगतात, त्याचे मूळ या अर्धवट माहितीत आहे. गोड्या पाण्याला मात्र रीतसर परवाना हवा आणि ट्राउट धरायचा असेल तर त्यावर ट्राउटचा वेगळा शिक्का हवा, जो बाहेरच्या माणसाला २० डॉलरला पडतो.

मुदत निवडताना

आठवड्याच्या सहलीला वार्षिक परवाना घेण्यात अर्थ नाही हे उघड आहे, पण उलट चूकही होते. सहा महिने राहायला आलेल्या माणसाने तीन दिवसांचे परवाने एकामागून एक घेतले तर तिसऱ्या परवान्यालाच फ्लोरिडाचे वार्षिक शुल्क पार होते. दुसरे म्हणजे ‘वार्षिक’ याचा हिशेब सर्वत्र सारखा नसतो. कॅलिफोर्नियाचा परवाना २०२३ पासून खरेदीच्या तारखेपासून ३६५ दिवस चालतो. न्यू जर्सीत वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. टेक्सासमध्ये परवान्याचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपते, त्यामुळे जुलैअखेर टेक्सासला पोचलेल्या माणसाने उत्साहात वार्षिक परवाना घेतला तर तो महिन्याभरात कालबाह्य होतो. अशा वेळी सप्टेंबर उजाडेपर्यंत एकेका दिवसाच्या परवान्यावर भागवावे.

अर्ज भरताना

परवाना तीन ठिकाणी मिळतो : राज्याच्या खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर, वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानांतल्या क्रीडासाहित्याच्या काउंटरवर, आणि आमिष-साहित्य विकणाऱ्या छोट्या दुकानांत. पहिल्यांदाच काढणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाने शक्यतो या छोट्या दुकानात जावे असे माझे मत आहे, कारण तिथला दुकानदार परवान्याबरोबर कोणत्या पाण्यात सध्या काय लागते आहे, कोणता गळ चालत नाही, कुठे गाडी लावावी, हेही सांगतो. जवळ पासपोर्ट ठेवावा.

ऑनलाइन भरायचे असल्यास शोधयंत्रात दिसणाऱ्या पहिल्या दुव्यावर जाऊ नये. परवाना काढून देण्याच्या नावाखाली केवळ माहितीपुस्तिका विकणारी किंवा वर दलाली लावणारी खासगी स्थळे तिथे वर येतात. सरकारी स्थळाचा पत्ता पाहून ओळखावे तर काही राज्यांनी विक्रीचे काम वेगळ्या नावाच्या स्थळावर दिलेले असते, फ्लोरिडाचे ‘गो आउटडोअर्स फ्लोरिडा’ हे त्याचे उदाहरण. म्हणून आधी खात्याच्या मूळ पानावर जावे आणि तिथल्या दुव्यावरूनच विक्रीच्या पानावर जावे.

अर्जात आपल्या माणसाची अडचण ठरलेल्या चार-पाच रकान्यांत होते. जन्मतारीख महिना, दिवस, वर्ष या क्रमाने लिहावी लागते. ५ मार्चला जन्मलेला माणूस सवयीने ०५-०३ लिहितो आणि कागदावर ३ मे रोजी जन्मतो. मग पासपोर्टशी तारीख जुळत नाही. नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहावे; वडिलांचे नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात छापले असेल तर तेही तिथेच ठेवावे. काही राज्ये उंची, वजन, डोळ्यांचा आणि केसांचा रंग विचारतात. उंची फूट-इंचांत आपल्याला ठाऊक असते, वजन मात्र पौंडांत हवे असते, तेव्हा किलोला २.२ ने गुणावे. ७० किलोचे १५४ पौंड होतात. केसांच्या रंगाच्या यादीत पांढरा आणि करडा हे दोन्ही पर्याय असतात आणि टक्कल असाही असतो, त्यावर घरात थोडी चर्चा होते.

सर्वांत गोंधळात टाकणारा रकाना सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा. मासे धरण्यासाठी हा क्रमांक का मागतात, असे पाहुण्याला वाटणे स्वाभाविक आहे, आणि हा फसवणुकीचा प्रकार तर नाही ना अशी शंकाही येते. याचे मूळ १९९० च्या दशकातल्या संघीय कायद्यात आहे. घटस्फोटानंतर मुलांच्या पालनपोषणाचे पैसे बुडवणाऱ्या पालकांचा माग काढता यावा आणि गरज पडल्यास त्यांचे परवाने रोखता यावेत, म्हणून वाहन, व्यवसाय, विवाह यांच्याबरोबरच करमणुकीच्या परवान्यांच्या अर्जांतही हा क्रमांक नोंदवणे राज्यांवर बंधनकारक झाले. पर्यटकाकडे असा क्रमांक नसतो आणि तो नसणे गैर नाही. अर्जात ‘माझ्याकडे हा क्रमांक नाही’ असा पर्याय शोधून तो निवडावा आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट दाखवावा. पान पुढे सरकतच नसेल तर दुकानात जाऊन काउंटरवरून परवाना घ्यावा. मुलाचा क्रमांक आपल्या अर्जात भरणे हा उपाय नव्हे. त्याने परवाना त्याच्या नोंदीला चिकटतो.

पत्ता आणि पैसे यांचाही एकमेकांशी संबंध आहे. कायमचा पत्ता गोव्याचा द्यावा आणि पत्रव्यवहाराचा पत्ता मुलाच्या घराचा द्यावा. आपला पिन कोड ४०३ ने सुरू होणारा सहा अंकी असतो आणि पैसे भरण्याच्या पानावरचा झिप कोड पाच अंकी असतो, त्यामुळे भारतातले कार्ड तिथे अनेकदा अडते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आधी बंदच असतात आणि ते बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावे लागतात. मुलाचे किंवा सुनेचे कार्ड वापरणे सोपे. पैसे कोणीही भरले तरी परवाना ज्याच्या नावाचा त्याचाच राहतो.

परवाना मिळाल्यावर त्याचे चित्र फोनमध्ये जतन करावे आणि एक कागदी प्रत पाकिटात ठेवावी. अनेक तळी आणि किनारे अशा ठिकाणी असतात की फोनला रेंज नसते, आणि ॲपमधला परवाना नेमका त्या वेळी उघडत नाही. परवाना माणशी असतो, काठीमागे किंवा कुटुंबामागे नसतो. नवरा-बायको दोघांनी गळ टाकायचा तर दोघांचे दोन.

जिथे परवाना लागत नाही

हौस एका दिवसाची असेल तर परवान्याच्या फंदात न पडता कायदेशीर मार्गाने मासे धरता येतात. फ्लोरिडात परवानाधारक चार्टर बोटीवर गेलेल्या गिऱ्हाइकांना वेगळा परवाना लागत नाही, कारण तो बोटीच्या परवान्यात येतो. ज्या खासगी वा नगरपालिकेच्या धक्क्याने स्वतःचा परवाना घेतला आहे, तिथेही प्रवेशशुल्क भरून बसता येते. न्यू जर्सीत बेलमार, पॉइंट प्लेझंट, अटलांटिक हायलँड्स येथून पार्टी बोटी, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांना एकत्र मासेमारीला नेणाऱ्या बोटी, सुटतात आणि त्यांवरच्या प्रवाशांना नोंदणी करावी लागत नाही. काठी, आमिष, गळ सारे बोटीवर मिळते, बोटीवरचा माणूस मासा साफ करून तुकडे करून देतो, आणि त्याला वर काही बक्षिसी देण्याचा प्रघात आहे. मासे साफ करण्याचा त्याचा वेग पाहून आपल्या मडगावच्या बाजारातल्या बायकांची आठवण होते, मात्र तो डोके पाण्यात फेकून देतो. आमटीसाठी डोके हवे असल्यास आधीच सांगून ठेवावे.

कॅलिफोर्नियात समुद्रावरच्या सार्वजनिक धक्क्यांवरून मासेमारीला परवाना लागत नाही. टेक्सासमध्ये राज्याच्या उद्यानांत काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकायला परवाना नको, आणि जूनमधला पहिला शनिवार तिथे सर्वांसाठी मोफत मासेमारीचा दिवस असतो. असे मोफत दिवस इतर राज्यांतही असतात आणि पाहुण्यांनाही लागू होतात. या सर्व ठिकाणी सूट मिळते ती परवान्यापुरतीच. माशांचा आकार आणि संख्या यांचे नियम तसेच राहतात.

एका सवलतीने मात्र फसू नये. फ्लोरिडात रीळ नसलेल्या साध्या वेळूच्या काठीने गोड्या पाण्यात मासे धरण्यास परवान्याची सूट आहे, हे वाचून आपल्या माणसाला ती खास आपल्यासाठीच असल्यासारखे वाटते. जिथे मासे धरायचे त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहणाऱ्या रहिवाशांपुरती ती आहे.

राष्ट्रीय उद्यानांत जाणार असाल तर तेवढे वेगळे पाहावे. यलोस्टोनमध्ये कोणत्याही राज्याचा परवाना चालत नाही, उद्यानाचा स्वतःचा परवाना घ्यावा लागतो आणि तो तीन दिवसांसाठी ४० डॉलर आहे. ग्रँड टेटनमध्ये वायोमिंग राज्याचा लागतो. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये टेनेसी किंवा नॉर्थ कॅरोलायना यांपैकी एकाचा असला तरी पूर्ण उद्यानात चालतो. मूळ अमेरिकन जमातींच्या राखीव प्रदेशात त्या जमातीची परवानगी घ्यावी लागते.

परवान्यानंतरचे नियम

परवाना हातात आला म्हणजे लागेल तो मासा पिशवीत टाकण्याची मुभा मिळाली, असे नाही. प्रत्येक जातीच्या माशासाठी हंगाम, रोजची संख्या आणि आकार ठरवून दिलेले असतात, आणि आकारात किमान मर्यादेबरोबर कमाल मर्यादाही असू शकते. ही दुसरी मर्यादा आपल्याला अपरिचित आहे. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सर्वांना हवा असलेला स्ट्राइप्ड बास हा मासा अलीकडच्या हंगामांत २८ ते ३१ इंच यांच्या मधला असेल तरच आणि दिवसाला एकच ठेवता येतो. त्याहून मोठी मादी लाखो अंडी घालते, म्हणून मोठा मासा सोडायचा. चुलीवर चढणारा सर्वांत मोठा मासा परत पाण्यात सोडायला हात धजत नाही हे खरे, पण नियम असाच आहे. या माशासाठी नैसर्गिक आमिष वापरायचे असल्यास २०२१ पासून सर्कल हूक म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ सक्तीचा आहे; तो गिळला गेला तरी पोटात न रुतता बहुधा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो आणि सोडलेला मासा जगतो.

मोजण्याचीही रीत आहे. मोजपट्टी सपाट जागेवर ठेवावी, मासा तिच्यावर आडवा करून तोंड मिटवावे, नाकाचे टोक शून्यावर टेकवावे आणि शेपटीची दोन्ही टोके चिमटीत एकत्र धरून तिचे सर्वांत लांब टोक कुठे येते ते वाचावे. पोटाच्या फुगवट्यावरून पट्टी वळवून मोजले तर लांबी जास्त भरते आणि ती ग्राह्य नसते. काही जातींत मात्र शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतच मोजतात, तेव्हा आपल्या माशाला कोणती रीत लागू आहे ते खात्याच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेत पाहावे. घरी जाईपर्यंत मासा अखंड ठेवावा, कारण डोके-शेपूट काढलेल्या माशाची लांबी तपासता येत नाही.

फ्लोरिडात आपल्या चणकीची आठवण करून देणारा स्नूक नावाचा मासा मिळतो. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ, बाकी चेहरामोहरा बराचसा चणकीसारखा. त्यासाठी खाऱ्या पाण्याच्या परवान्यावर १० डॉलरची वेगळी परवानगी लागते, वर्षातले काही महिने तो धरण्यास बंदी असते, आणि बंदीचे महिने किनाऱ्याच्या भागानुसार बदलतात. हौशी माणसाने धरलेला कोणताही मासा विकता येत नाही. शेजाऱ्यांना वाटून देण्यास हरकत नाही, पण पेट्रोलपुरते पैसे घेणेही विक्रीच ठरते.

कुर्ल्यांचा विषय निघाल्याशिवाय गोव्याच्या माणसाची मासेमारी पूर्ण होत नाही. न्यू जर्सीच्या खाड्यांतली निळी कुर्ली चवीला उत्तम असते. दोरीला कोंबडीचे मानेचे तुकडे बांधून आणि हातजाळीने ती धरायला परवाना लागत नाही. पाण्यात ठेवून जायचे पिंजरे वापरायचे असतील तर लागतो, आणि असे दोनच पिंजरे चालतात. कवचाच्या एका काट्यापासून दुसऱ्या काट्यापर्यंत साडेचार इंच भरली तरच टणक कुर्ली ठेवावी. पोटाखाली अंड्यांचा लगदा असलेली मादी ताबडतोब सोडावी; आपल्याकडे भरलेली कुर्ली म्हणून तिला जास्त भाव मिळतो, तिथे तिच्यासाठी दंड होतो. आणि जर्सी सिटी, नेवार्क, बेयॉन या भागांत राहणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : नेवार्क बे आणि तिला जोडलेल्या पाण्यांतून निळी कुर्ली धरणे आणि खाणे या दोन्हींना बंदी आहे. पसाईक नदीकाठी एजंट ऑरेंज हे तणनाशक बनवणारा कारखाना होता आणि त्यातले डायॉक्सिन हे विषारी रसायन तळाच्या गाळात मुरले आहे. गाळात चरणाऱ्या कुर्लीत ते साठते आणि शिजवल्याने नाहीसे होत नाही. तिसऱ्या, शिणाणे, कालवे यांसाठी वेगळे परवाने आणि बंद क्षेत्रांचे वेगळे नकाशे असतात. ओहोटीला दिसल्या म्हणून उकरू नयेत.

अधिकारी आल्यास

टेक्सासमध्ये त्याला गेम वॉर्डन म्हणतात, न्यू जर्सीत कॉन्झर्व्हेशन ऑफिसर. त्याला परवाना पाहण्याचा, पिशवी आणि बर्फाची पेटी उघडून मासे मोजण्याचा अधिकार असतो. तो जवळ येताना दिसल्यावर गळ गुंडाळून निघून जाण्याची घाई करू नये. काठी खाली ठेवून परवाना आणि पासपोर्टची प्रत पुढे करावी, आणि भाषेची अडचण असेल तर मुलाला फोन लावून द्यावा. आकारात न बसणारा मासा पिशवीत असेल तर तो आपणहून दाखवणे केव्हाही बरे, कारण समज देऊन सोडायचे की दंड करायचा हे बऱ्याच वेळा त्या अधिकाऱ्यावर असते.

दंड झालाच तर तो त्याच्या हातात रोख देऊ करू नये. त्याचा अर्थ भलताच निघतो. तो एक चिठ्ठी देतो, तिच्यावर न्यायालयाचे नाव, तारीख आणि पैसे भरण्याची रीत छापलेली असते. परतीचे विमान त्या तारखेच्या आधीचे असल्यास चिठ्ठीवरच्या क्रमांकावर लगेच संपर्क करून प्रकरण निकाली काढावे. ते तसेच सोडून दिले तर त्या राज्यात पुन्हा परवाना मिळणे अडते, आणि वन्यजीव नियमभंगाबाबत बहुतेक सर्व राज्यांचा आपसात करार असल्यामुळे एका राज्याने रोखलेला परवाना दुसऱ्या राज्यातही रोखला जातो. पैसे भरल्याची पावती मुलाकडे न ठेवता आपल्या पासपोर्टबरोबर गोव्याला आणावी.